पाठीवरच्या बाहुलीचं पुढे काय झालं?

इंदूरमधल्या मराठी मंडळांच्या, समाजांच्या आणि वाचनालयांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरा ऑगस्टला आपल्यापैकी एका मंडळाच्या सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. झेंडावंदन झालं, प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं आणि मुलांची वेशभूषा स्पर्धा सुरू झाली. दोन सुभाषबाबू, एक भगतसिंग, एक टिळक (पगडी आजोबांची, सारखी डोळ्यांवर उतरत होती) आणि सहा झाशीच्या राण्या. सहाही जणींच्या हातात पुठ्ठ्याची तलवार, पाठीला ओढणीने बांधलेली बाहुली. चौथी राणी पायऱ्या चढत असताना गाठ सुटली आणि बाहुली धपकन खाली पडली. सभागृह हसलं. राणीचा चेहरा उतरला, आई धावली, ओढणी पुन्हा आवळली गेली आणि झाशी कोणालाही देणार नसल्याचं राणीने एका दमात सांगून टाकलं.

माझ्या शेजारी सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याने आजीला विचारलं, "ते बाळ मोठं झालं का गं?" आजी म्हणाली, "गप्प बस, आता पोहे-जिलबी येतेय."

दुसऱ्या कुठल्या गावात हे झालं असतं तर मी विसरून गेलो असतो. इंदुरात झालं म्हणून वर्षभर डोक्यातून जात नाही. कारण ते बाळ मोठं झालं, आणि इथेच झालं.

पारोळ्याच्या नेवाळकरांच्या घरातला तो मुलगा, मूळ नाव आनंदराव. गंगाधररावांनी 20 नोव्हेंबर 1853 रोजी त्याला दत्तक घेतलं, नाव दामोदर ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. कंपनी सरकारने दत्तक मानला नाही, झाशी खालसा केली. तिथून पुढची गोष्ट आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पाठ आहे ती जून 1858 पर्यंत. ग्वाल्हेरजवळ राणी पडली की आपलं पुस्तक मिटतं. (ग्वाल्हेरची मंडळी 18 जून पाळतात, इंग्रजी कागद 17 म्हणतात. त्यावर भांडणारे आपल्याकडेही आहेत, तो विषय इथे नको.) मुलगा तेव्हा साडेआठ वर्षांचा होता. पुढची जवळजवळ दोन वर्षं मोजक्या निष्ठावंतांनी त्याला रानावनातून, खेड्यापाड्यांतून लपवत फिरवलं. पैसा संपला, आजारपणं झाली, आणि शेवटी त्याला इंग्रजांच्या स्वाधीन करण्यावाचून इलाज उरला नाही. मे 1860 मध्ये तो इंदूरला पोहोचला. इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेखाली शिकला, त्यांच्याच तनख्यावर वाढला, लग्न केलं, संसार केला, आणि 28 मे 1906 रोजी इथेच वारला. झाशी त्याला पुन्हा मिळाली नाही. वंशजांनी पुढे आडनावच झाशीवाले लावलं.

म्हणजे सेहेचाळीस वर्षं. झाशीत त्याची पाच-सहा गेली असतील. हिशेबाने तो झाशीचा कमी आणि आपला जास्त. तरी इंदूरच्या मराठी माणसाला विचारून पाहा. मी विचारलं. गेल्या दिवाळीत घरी आलेल्या अकरा जणांपैकी दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एक माझ्या सासूबाई होत्या.

आपण त्यांना का विसरलो, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, कारण सोपं आहे. दामोदरराव लढले नाहीत. तेव्हा ते मूल होते आणि मोठे झाल्यावर तनखेदार. 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाल्याचा सोहळा हिंदुस्थानभर झाला तेव्हा ते सदतिशीचे होते. ज्या सरकारने आईला मारलं त्याच सरकारकडून महिन्याचे पैसे येत होते, आणि आले नाहीत तर चूल कशी पेटायची हा प्रश्न होता. या वेषात कोणत्या मुलाला उभं करणार? पुठ्ठ्याची तलवार करता येते, तनख्याची वाट पाहणं पुठ्ठ्याचं करता येत नाही.

माझं म्हणणं आता थेट सांगतो. राष्ट्रीय सुट्टीला आपण आठवण काढतो ती लांबच्या माणसांची, आणि त्यातही जी आपल्या भाषेची, आपल्या आडनावांची निघतात त्यांची. लक्ष्मीबाई माहेरच्या तांबे, तात्या टोपे आपले, म्हणून ते आपल्या फलकावर. आपल्याच गावात, आपल्या रोजच्या रस्त्यावर जे मेले ते आपले नव्हते, म्हणून ते फलकावर नाहीत.

एमवाय रुग्णालयात आपण सगळेच गेलेलो आहोत. कोणाचं बाळंतपण, कोणाचं हाड, कोणाचं शेवटचं. त्याच आवारात, रुग्णालयाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता तेव्हा, 10 फेब्रुवारी 1858 रोजी अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना कडुनिंबाच्या झाडाला फाशी दिलं. धारजवळचं छोटं संस्थान. जुलै 1857 च्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या माणसांनी भोपावरच्या इंग्रजी एजन्सीवर हल्ला केला होता. राजा गेला, अमझेरा खालसा झाला आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यात गेला. म्हणजे एका राजपुताचं राज्य एका मराठी दरबाराच्या पदरात पडलं. हे वाक्य मंडळाच्या व्यासपीठावरून म्हणायला जड जातं, याची मला कल्पना आहे.

आणि सादत खान. होळकरांच्या घोडदळातला अधिकारी. 1 जुलै 1857 च्या सकाळी रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज एजंटाच्या कोठीवर, हल्ला झाला त्यात तो आणि बंस गोपाळ पुढे होते. गंमत अशी की होळकरांनी रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी ज्या तोफा पाठवल्या होत्या त्यांचीच तोंडं कोठीकडे वळली. कर्नल ड्युरँड हा गव्हर्नर जनरलचा एजंट, त्याने उरलेले गोरे लोक गोळा केले आणि सिहोरचा रस्ता धरला. त्याच रात्री महूची पलटण उठली. सादत खान पुढे निसटला. एक-दोन नव्हे, सतरा वर्षं तो हाती लागला नाही. 1874 मध्ये राजपुतान्यात पकडला गेला, त्याला इंदूरला आणलं आणि 1 ऑक्टोबर 1874 रोजी रेसिडेन्सीच्या आवारात फाशी दिलं.

त्या दिवशी गादीवर तुकोजीराव होळकर दुसरे होते. 1857 मध्येही तेच होते. आणि त्या दिवशी दामोदरराव इंदुरातच होते, चोवीस वर्षांचे. बातमी त्यांच्या कानावर आली असणारच. एवढ्याशा गावात फाशी लपत नाही. तनखा याच रेसिडेन्सीच्या हातात. आईच्या बाजूने लढलेल्या शेवटच्या माणसांपैकी एक आपल्या राहत्या गावात लटकवला जातोय आणि आपण घरात बसलोय, त्या सकाळी त्यांनी काय केलं असेल? मला राणीच्या घोड्याच्या उडीपेक्षा हा प्रश्न जास्त छळतो.

मी हे एका कार्यकारिणी सदस्याशी बोललो होतो. सज्जन माणूस, पंचवीस वर्षं मंडळासाठी राबलेला. तो म्हणाला, "सत्तावन्नचं काढलंत की होळकरांचं निघणार. आपण सगळे त्यांचं मीठ खाल्लेले. कशाला?"

त्याची अडचण खरी आहे. आपण इथे आलो तेच होळकरांमागे. कोणी फडणिशी करायला, कोणी पौरोहित्याला, कोणी शागीर्द पेशात. माझे खापरपणजोबा दरबारच्या हिशेबखात्यात कारकून होते असं घरात सांगतात. 1 जुलैला तोफांचा आवाज आला तेव्हा त्यांनी काय केलं? दप्तर बांधलं असेल, घरी येऊन दाराला अडसर लावला असेल. निदान मी तरी तेच केलं असतं.

तुकोजीराव तेव्हा बावीस वर्षांचे होते. सादत खान "महाराजांचा हुकूम आहे" असं ओरडत आला, अशी नोंद आहे. हुकूम खरंच होता की नव्हता यावर इतिहासकार अजून घासाघीस करतात. दुसरीकडे, आसऱ्याला आलेल्या ख्रिस्ती लोकांना बंडवाल्यांच्या ताब्यात द्यायला याच तुकोजीरावांनी साफ नकार दिला. इंग्रजांनी त्यांच्यावर पुरता विश्वास कधी टाकला नाही, आणि बंडवाल्यांनाही ते आपले वाटले नाहीत. दोन्ही डगरींवर पाय म्हणा, नाहीतर हाती असलेली माणसं आणि राज्य वाचवणं म्हणा. मला दोन्ही म्हणावंसं वाटतं. चाळीस वर्षांपूर्वी महिदपूरला, 21 डिसेंबर 1817 रोजी, होळकरांच्या फौजेने लढून पाहिलं होतं आणि त्याची किंमत मंदसोरच्या तहात मोजली होती. तो तह करणारे तात्या जोग, ज्यांच्या किबे घराण्याची नावं या गावात आजही ठिकठिकाणी भेटतात. त्याच तहामुळे महूला छावणी बसली. जे घर एकदा असं पोळलं आहे, त्या घरातला बावीस वर्षांचा मुलगा ताकही फुंकून पिणार. हे सगळं मुलांसमोर मांडल्याने होळकर लहान होत नाहीत. अहिल्याबाईंच्या पुतळ्याला हार घालणारे आपण इतके नाजूक असायचं कारण नाही.

2024 मध्ये रेसिडेन्सी कोठीचं नाव बदलायचा विषय निघाला. शिवाजी महाराजांचं नाव पुढे आलं, मग कोणी अहिल्यादेवींचं सुचवलं. आपल्या व्हॉट्सॲप गटांत चार दिवस धुमश्चक्री. मीही दोन संदेश टाकले, नाही म्हणत नाही. महाराज 1680 मध्ये गेले, अहिल्यादेवी 1795 मध्ये. कोठी त्यानंतरची, इंग्रज इथे येऊन बसल्यावरची. दोघांचाही त्या भिंतींशी काही संबंध आला नाही. ज्याने त्या भिंतींवर तोफा डागल्या आणि जो त्याच आवारात फासावर गेला, त्याचं नाव माझ्या तीन गटांपैकी एकातही कोणाच्या तोंडी आलं नाही. माझ्याही नाही. तेव्हा मला ते सुचलंच नाही, हे सांगायला लाज वाटते.

आता थोडं घरचं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठे आजोबा म्हणायचो, प्रजामंडळाचे, म्हणजे संस्थानात लोकांचं राज्य मागणाऱ्यांतले. ऑगस्ट 1942 मध्ये प्रभातफेरीत पकडले गेले आणि मंडलेश्वरच्या तुरुंगात गेले. 2 ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, तिथल्या राजबंद्यांनी तुरुंग फोडला. मोठे आजोबा त्या दिवशी तापाने फणफणून कांबळ्यात पडले होते. घरात यावरून त्यांची जन्मभर थट्टा झाली. इतिहास दारातून निघून गेला आणि हा माणूस काढा मागत होता. एकूण साडेचार महिने आत होते. 1972 साली स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन सुरू केली, त्यात किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट. दीड महिना कमी पडला. त्यांनी अर्जही केला नाही. म्हणाले, "दीड महिना अजून थांबलो असतो, पण त्यांनीच सोडून दिलं."

खूप वर्षांनी, ते गेल्यानंतर, एका मंडळाने शहरातल्या स्वातंत्र्यसैनिकांची यादी करायला घेतली. माझे वडील नाव द्यायला गेले. "ताम्रपट आहे का? सर्टिफिकेट?" नव्हतं. नाव लागलं नाही. वडील तक्रार करणाऱ्यातले नव्हते, घरी येऊन बातम्या लावून बसले. मीही तक्रार म्हणून हे लिहीत नाही. नियमाला कागद लागतो, हे सरकारचं झालं. पेन्शन द्यायची तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मंडळाला कसली रेघ? मंडळाला कोणाला पैसे द्यायचे नव्हते, फक्त एक नाव वाचायचं होतं.

आपल्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. पंधरा ऑगस्ट 1947 ला दिल्लीत झेंडा चढला तेव्हा इंदूरची माणसं होळकरांची प्रजाच होती. संस्थान मध्य भारतात विलीन झालं ते 28 मे 1948 रोजी. प्रजामंडळवाल्यांची लढाई दुहेरी होती: वर इंग्रज, आणि खाली ज्याच्या नावाने गणपतीची आरती संपल्यावर जयजयकार करायचा तो आपलाच राजा. मोठ्या आजोबांना पकडायला आलेला जमादार आमच्याच गल्लीतला मराठी माणूस होता. पकडायच्या आधी त्याने त्यांना अंघोळ करू दिली. आमच्याकडे हे कौतुकाने सांगतात. त्या जमादाराच्या घरी हे कसं सांगतात, की सांगतच नाहीत, ते मला ऐकायला आवडेल.

आणि सरवटे, ज्यांच्या नावाचं आपलं बसस्थानक आहे. भोपाळ, उज्जैन, कुठेही जायचं असो, रिक्षावाल्याला आपण म्हणतो, "सरवटे चलोगे भिया?" वि. सी. सरवटे हे संविधान सभेत मध्य भारतातून गेलेले सदस्य, मराठी साहित्याचं समालोचन लिहिणारे, बाल निकेतन उभं करणाऱ्या शालिनीताई मोघ्यांचे वडील. सव्वीस जानेवारीला तरी त्यांचं नाव मराठी मंडळात निघावं की नाही? गेल्या सव्वीस जानेवारीला आपल्याकडे संविधानावर भाषण झालं, चांगलं झालं, वक्ते बाहेरून आले होते. त्यांना न्यायला मंडळाची गाडी सरवटेलाच गेली होती.

झेंड्याबद्दल मी काही बोलणार नाही. पॉलिएस्टरचा चालतो की खादीचाच हवा, रात्री उतरवायचा की नाही, यावर दरवर्षी बैठकीत तासभर जातो. नियम आता दोन्हीला परवानगी देतात, तेव्हा तो तास वाचवता येईल. त्याच तासात पुढचं करता येईल का, ते पाहा.

वेशभूषा स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. सहा राण्या असू द्यात, बाराही असू द्यात. फक्त एखाद्या मुलाला बख्तावरसिंह करा, एखाद्याला सादत खान. निवेदकाने शेवटी दोन मिनिटं बाहुलीचं पुढे काय झालं ते सांगावं. मंडळाच्या दिनदर्शिकेत 10 फेब्रुवारी, 28 मे, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या तारखांना एकेक ओळ छापावी. जागा नसेल तर स्थापना दिनाच्या फोटोंतले दोन कमी करावेत. आणि प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातली दहा मिनिटं काढून सभागृहातल्या म्हाताऱ्या माणसांना द्यावीत, घरात काय ऐकलं ते सांगायला. ताम्रपट मागू नका. तुरुंगात गेलेल्याचं सांगा, जमादाराचंही सांगा, दार लावून बसलेल्या कारकुनाचंही. कोणी थापा मारेल, मारू द्या. शेजारी बसलेला ती खोडून काढेल, इंदूरकर आहोत आपण.

एवढं एका वर्षात होणार नाही हे मला कळतं. बैठक होईल, ठराव होईल, उपसमिती नेमली जाईल. तोवर मी एक साधी गोष्ट करणार आहे. यंदा पंधरा ऑगस्टला सकाळी सहा वाजता मी एमवायच्या फाटकाशी असेन. आत बख्तावरसिंहांच्या स्मारकाशी पाच मिनिटं थांबायचं, मग चालत रेसिडेन्सीपर्यंत. भाषण नाही, माईक नाही, बॅनर नाही. रुग्णालय आहे, तेव्हा घोषणाही नाहीत. आठच्या झेंडावंदनाला सगळे आपापल्या मंडळात परत. पोहे वाटेत, माझ्याकडून. पाऊस असेल, छत्री आणा.

आणि एक विनंती. गेल्या वर्षी तिसऱ्या रांगेत आजीबरोबर बसलेला तो मुलगा कोणाच्या घरचा, हे तुमच्यापैकी कोणाला तरी ठाऊक असेल. त्याला निरोप द्या की बाळ मोठं झालं होतं, आपल्याच गावात राहत होतं. बाकीचं चालता चालता सांगतो म्हणावं, आजीलाही घेऊन ये.

आपला,
एक सभासद (चालू वर्षाची वर्गणी भरलेला)
इंदूर